पहिल्या वाढदिवसाचा केक आणि घरचे हात

बाळाचा पहिला वाढदिवस महिन्यावर आला की मराठी मध्यमवर्गीय घरात दोन पक्ष पडतात. आजी-आजोबांच्या मनात पाट, रांगोळी, निरांजन आणि औक्षण असते. आई-बाबांच्या मनात केक, फुगे आणि छायाचित्रे असतात. एका पक्षाला दुसरा जुनाट वाटतो आणि दुसऱ्याला पहिला परका वाटतो. चार दिवस कुरबूर चालते आणि शेवटी तडजोड होते. सकाळी घाईघाईने औक्षण उरकले जाते आणि संध्याकाळी भाड्याच्या सभागृहात तीनमजली केक कापला जातो. दोन्ही पक्षांचे समाधान झाले, असे मानून घर झोपी जाते.

या तडजोडीत एक गोष्ट मात्र कोणाच्याही ध्यानात येत नाही. सकाळच्या औक्षणाचा शिरा कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आलेला असतो आणि संध्याकाळचा केक दुकानातून. बाळासाठी म्हणून त्या दिवशी घरच्या चुलीवर काहीच चढलेले नसते. परंपरेचा आग्रह धरणाऱ्यांनी काही रांधलेले नसते आणि नव्याची हौस असणाऱ्यांनीही नसते. केक असावा की नसावा या वादात इतकी शक्ती खर्च होते की, त्या दिवशी या घराने आपल्या लेकरासाठी स्वतःच्या हाताने काय केले, हा खरा प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

सोहळा कोणासाठी?

गेल्या काही वर्षांत पहिल्या वाढदिवसाचे रूप पार बदलून गेले आहे. निमंत्रणपत्रिकेवर 'सायंकाळी ७ ते १०' अशी वेळ छापलेली असते. म्हणजे नेमकी बाळाच्या झोपेची वेळ. सभागृहात दीड-दोनशे माणसे, कर्कश ध्वनिक्षेपक, डोळे दिपवणारे दिवे आणि या सगळ्याच्या मध्यभागी नव्या टोचणाऱ्या कपड्यांत कोंबलेले एक रडवेले मूल. साधारण आठव्या महिन्यापासून मुलांना अनोळखी चेहऱ्यांची भीती वाटू लागते आणि वर्षाच्या सुमारास ती चांगलीच तीव्र असते, हे कोणताही बालरोगतज्ज्ञ सांगेल. तरीही या वयात त्याला दोनशे जणांच्या कडेवरून फिरवले जाते आणि ते रडले की 'आज अगदीच चिडचिड करतोय' असा ठपकाही त्याच्यावरच ठेवला जातो.

यात अलीकडे एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. 'केक स्मॅश' हे त्याचे नाव. वाढदिवसाच्या काही दिवस आधी छायाचित्रकाराकडे बाळाला एका अखंड केकसमोर बसवायचे, त्याने तो दोन्ही हातांनी चिवडायचा, अंगाला फासायचा आणि त्याची छायाचित्रे काढायची. मुलाने अन्नात हात घालण्यात गैर काहीच नाही. वर्षाचे मूल वरणभातही असाच चिवडते. स्पर्शाने अन्न ओळखण्याची ती त्याची रीतच आहे. परंतु चिवडण्यासाठीच अन्न शिजवणे आणि छायाचित्र निघाल्यावर ते कचऱ्यात टाकणे, ही गोष्ट निराळी. पानात टाकू नये असे बजावणाऱ्या आणि जेवणापूर्वी श्लोक म्हणायला शिकवणाऱ्या घरात पहिल्या वाढदिवशीच हा पाठ दिला जात असेल, तर पुढे कोणत्या तोंडाने त्याला पान स्वच्छ करायला सांगायचे?

केक परका आहे काय?

मग केकच नको, असे म्हणून हा प्रश्न सुटतो का? तसे वाटणाऱ्यांची संख्या कमी नाही. केक ही इंग्रजांची देणगी आहे आणि म्हणून ती नाकारली पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद. त्यामागची तळमळ खरी आहे. पण युक्तिवाद मात्र टिकणारा नाही. एकादशीच्या फराळाचे ताट डोळ्यांसमोर आणावे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची या चारही वस्तू मूळच्या अमेरिका खंडातल्या. पोर्तुगीज जहाजांनी समुद्र ओलांडला नसता, तर आजची उपवासाची खिचडीच झाली नसती. तरीही ती खाताना परके काही खाल्ल्याची भावना कोणाच्या मनात येत नाही. कारण पिढ्यानपिढ्या मराठी गृहिणीच्या हातून गेल्यामुळे ती या घरची झाली आहे. वस्तू कोठून आली यापेक्षा ती कोणाच्या हातून गेली, यावर तिचे आपलेपण ठरत असते.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर केकचा जीव जिच्यात आहे ती साखर या भूमीतली. इंग्रजीतील 'शुगर' हा शब्द संस्कृत 'शर्करा'पर्यंत आणि 'कँडी' हा शब्द 'खंड'पर्यंत पोहोचतो, हे भाषाशास्त्र सांगते. वेलदोडाही इथलाच. आणि वर-खाली आच देऊन गोड पदार्थ भाजण्याची कला तरी मराठी स्वयंपाकघराला कोठे नवी होती? कोकणातले धोंडस किंवा तवसोळी आठवावी. मोठी जून काकडी किसायची, त्यात तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरे घालायचे, जाड बुडाच्या पातेल्यात मिश्रण ओतायचे, खाली मंद विस्तव ठेवायचा आणि झाकणावर निखारे पसरायचे. तास-दीड तासाने झाकण काढले की खरपूस कडांची, सुरीने वड्या पाडता येणारी जी वस्तू समोर येते, तिला केक म्हणावयाचे नसेल तर दुसरे काय म्हणावयाचे? फणसाच्या रसातले सांदण हे तिचेच उकडलेले भावंड.

मैद्याचा फुललेला केक मराठी घरांत आला तो पुढे. त्याला फुलवणारी बेकिंग पावडर बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ साली तयार केली. पत्नीला यीस्ट सोसत नसे म्हणून. म्हणजे या शोधाच्या मुळाशीही घरच्या माणसासाठी घरात काही करून घालण्याची धडपडच होती. केरळातील तलशेरीच्या मांबळी बापू यांनी १८८३ साली एका इंग्रज मळेवाल्यासाठी स्थानिक साहित्यातून केक केला, तो भारतीय हातांनी भाजलेला पहिला केक, असे तेथे अभिमानाने सांगितले जाते. महाराष्ट्रात १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले आणि वाटी-चमच्याच्या मापाने पाककृती घरोघर पोहोचल्या. त्याच सुमारास कित्येक घरांत अ‍ॅल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन दिसू लागला. नानकटाई आणि केक त्यातच होत आणि शेजारच्या चार घरांत तो ओव्हन फिरतही असे. त्या काळातील मुलांचे वाढदिवस आईच्या हातच्या, मधोमध किंचित खचलेल्या केकवर झाले. तेव्हा कोणाला संस्कृती बुडाल्यासारखे वाटले नव्हते आणि ती बुडालीही नाही.

बाळाच्या पोटाचे काय?

ज्याच्या नावाने हा सोहळा त्याच्या प्रकृतीचा विचार केला, तर मात्र विकतच्या केकविषयी काही स्पष्ट बोलले पाहिजे. सहा ते तेवीस महिने वयाच्या मुलांना जास्त साखर, जास्त मीठ व ट्रान्स मेद असलेले पदार्थ देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ सालच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. सभागृहातल्या रंगीबेरंगी केकवर जो पांढराशुभ्र थर असतो, तो बहुधा दुधाच्या सायीचा नसतोच. वनस्पती तेल, साखर आणि फेस टिकवणारी द्रव्ये यांचे ते मिश्रण असते. भारतात तेल-तुपांतील व खाद्यपदार्थांतील ट्रान्स मेदांवर २०२२ सालापासून दोन टक्क्यांची मर्यादा आली, ही स्वागतार्ह गोष्ट झाली. पण साखर आणि कृत्रिम रंग त्यामुळे कमी झालेले नाहीत. गडद निळा किंवा लाल केक खाल्ल्यावर मुलाची जीभ दोन तास रंगलेली राहते, हे पाहिलेल्या आईला अधिक काही सांगण्याची गरज नाही.

याचा अर्थ एका तुकड्याने अनर्थ होतो, असे नव्हे. परंतु वर्षभर मीठ-साखरेवाचून खिमटी करणारी, घराबाहेरचे पाणीही न देणारी आई नेमक्या वाढदिवशी हे सगळे नियम गुंडाळून ठेवते, आणि तेही पाहुण्यांसाठी, हे विचित्र आहे. घरी केलेल्या केकमध्ये काय गेले हे घराला माहीत असते. त्याचा मोठा लाभ हाच.

दोन वाट्या कणकेचा केक

आता प्रत्यक्षाकडे वळू. हा केक करायला ओव्हन लागत नाही आणि फारशी हातोटीही लागत नाही. बारा बिनबियांचे मऊ खजूर अर्धी वाटी कोमट दुधात तासभर भिजवावेत आणि वाटून गाळून घ्यावेत, म्हणजे साली व धागे बाळाच्या घशाशी येत नाहीत. दोन पिकलेली केळी कुस्करावीत. त्यात खजुराचा गर, पाव वाटी ताजे दही आणि पाव वाटी पातळ केलेले साजूक तूप घालून चांगले फेटावे. दोन वाट्या कणीक, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर वेलदोड्याची पूड एकत्र करून दोनदा चाळावी. हे कोरडे मिश्रण ओल्यात हलक्या हाताने मिसळावे. येथे जोर लावू नये. कणीक जास्त घोटली की चिवट होते आणि केक दडस बसतो. मिश्रण घट्ट वाटल्यास चमचा-दोन चमचे दूध घालावे. दह्याची आंबटी आणि सोडा एकत्र आले की वायूचे बुडबुडे सुटू लागतात. त्यामुळे मिश्रण तयार झाल्यावर ते ताटकळत ठेवू नये.

जाड बुडाच्या कढईत किंवा पातेल्यात बोटभर मीठ अथवा स्वच्छ वाळू पसरावी, त्यावर लहान जाळी ठेवावी आणि घट्ट झाकण ठेवून दहा मिनिटे तापवावे. तूप लावून कणीक भुरभुरवलेल्या डब्यात मिश्रण ओतून तो डबा जाळीवर ठेवावा. मंद आचेवर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे लागतात. पहिली अर्धी तास झाकण उघडण्याचा मोह आवरावा. आतली उष्णता निघून गेली की फुगलेला केक खाली बसतो. विणकामाची सुई खुपसून ती कोरडी निघाली की केक झाला. पुष्कळ घरांत यासाठी कुकर वापरतात. तसे करायचे असल्यास शिटी आणि रबरी रिंग काढणे अत्यावश्यक आहे. मात्र पाण्याशिवाय तापवणे कुकरला मानवत नाही, म्हणून जुनी कढई बरी. केक पूर्ण निवल्यावरच सुरी लावावी. वर काही हवेच असेल तर तीन-चार तास टांगलेल्या दह्याचा चक्का थोड्या खजुराच्या गरात फेटून लावावा. गुलाबी रंगासाठी बिटाच्या रसाचे दोन थेंब पुरतात.

काही पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. केकमध्ये जाणारा प्रत्येक पदार्थ बाळाने आधी खाल्लेला आणि त्याला सोसलेला असावा; वाढदिवस हा नवा पदार्थ चाखवून पाहण्याचा दिवस नव्हे. मध तर पहिले वर्ष पूर्ण होईपर्यंत देऊच नये. त्यात क्वचित असणारे बॉट्युलिझमचे जिवाणू इतक्या लहान आतड्यात विष तयार करू शकतात. काजू-बदामाचे तुकडे घशात अडकतात, म्हणून ते टाळावेत. न फुगवलेले किंवा फुटलेले फुगेही बाळाच्या हाती लागू देऊ नयेत. खजूर-केळ्यांचीही गोडी ती गोडीच. बाळाला दोन बोटांएवढा मऊ तुकडा पुष्कळ झाला. आणि आठवडाभर आधी एकदा केक करून पाहावा. पहिला फसला तर घरचे तो दुधात कुस्करून खातील.

हात कोणाचे?

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. 'घरचे' या शब्दाचा उच्चार झाला की त्याचा सारा भार घरातल्या सुनेवर टाकण्याची वाईट खोड समाजाला आहे. वर्षभर रात्री जागलेली, कामावर पुन्हा रुजू झालेली, पाळणाघर आणि लोकलगाडी यांमध्ये धावणारी ती मुलगी वाढदिवसाच्या आदल्या रात्री एकटी ओट्यापाशी उभी असेल आणि बाकीचे घर दूरदर्शनसमोर बसले असेल, तर त्या घरच्या केकपेक्षा विकतचा केक शतपट बरा. घरी केलेला केक हे आईपण मोजण्याचे नवे माप होता कामा नये.

घरचे हात म्हणजे घरातले सगळे हात. खजूर निवडायला आजोबांना कोणाची हरकत आहे? मिश्रण फेटायला बाबांचे मनगट अधिक उपयोगाचे. आच सांभाळण्यात आजीचा हात कोण धरणार? धोंडस करणाऱ्या पिढीला मंद विस्तव म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि दुकाने बंद झाली, तेव्हा अनेक घरांनी हाच अनुभव घेतला. कढईत केक भाजले गेले, ते फसले, पुन्हा भाजले गेले, आणि कधी स्वयंपाकघरात पाऊल न टाकलेले पुरुष चाळणी धरून उभे राहिले. नंतर जग पूर्वपदावर आले आणि चाळणी पुन्हा खुंटीवर गेली. ती खाली काढायला पुन्हा संकटाचीच वाट का पाहावी?

ज्या घरात खरोखरच कोणाला सवड नाही, त्यांनी मोठ्यांसाठीचा केक शेजारच्या इमारतीत केक करून विकणाऱ्या एखाद्या ताईंकडून घ्यावा. त्या काळात अनेक मराठी स्त्रियांनी हा व्यवसाय उभा केला आहे. समोर बसून 'साखर कमी, रंग नको' असे त्यांना सांगता येते. बाळाचा वाटीभर केक तेवढा घरी करावा. त्याला तासाभराहून अधिक हातकाम नाही.

निरांजन आणि मेणबत्ती

उरला प्रश्न त्या दिवसाच्या क्रमाचा. जन्मतिथी आणि जन्मतारीख पहिल्या वर्षी सहसा एका दिवशी येत नाहीत. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे असल्याने तिथी सुमारे अकरा दिवस आधी येते आणि मध्ये अधिक मास आल्यास अडीच आठवड्यांहून थोडी अधिक पुढे जाते. म्हणजे भांडणारे दोन्ही पक्ष दोन वेगळ्या दिवशी सुखाने नांदू शकतात. तिथीला वर्धापनाचा विधी करावा. त्यात मार्कंडेय आणि सप्तचिरंजीवांचे स्मरण आहे आणि तीळ-गूळ घातलेले दूध पिण्याचा साधा प्रघात आहे. तारखेला घरचा केक करावा. एकाच दिवशी दोन्ही करायचे असतील, तर आधी पाट मांडून औक्षण करावे आणि मग केकला हात घालावा.

मेणबत्ती मात्र सोडून द्यावी, आणि तेही रागाने नव्हे. वयाइतक्या मेणबत्त्या केकवर लावण्याची चाल जर्मनीत अठराव्या शतकातली. वर्षाच्या मुलाला फुंकर मारता येत नाही. त्याच्या वतीने मोठी माणसे केकवर फुंकर मारतात आणि तोच केक त्याला भरवतात. २०१७ साली अमेरिकेतील क्लेम्सन विद्यापीठातील संशोधकांनी केलेल्या प्रयोगात फुंकरीने केकच्या थरावरील जिवाणू कित्येक पटींनी वाढल्याचे दिसले होते. निरोगी मोठ्यांना त्याचे भय नसेल. सर्दी झालेल्या काकांच्या फुंकरीचे बाळाला आहे. त्यापेक्षा घरात निरांजन लावलेलेच आहे. त्याची ज्योत चेहऱ्यापुढून ओवाळली जात असताना बाळ टक लावून तिच्याकडे पाहते आणि ती विझवावी लागत नाही.

मग केक कापावा, पहिला घास बाळाला आजीने भरवावा आणि उरलेला वाटावा. वाटावा कोणाला? ज्यांच्या हातांवर हे मूल वर्षभर वाढले, त्यांना आधी. पाळणाघरातल्या मावशी, मालीश करायला येणाऱ्या बाई, त्याला पाहून दार उघडणारे इमारतीचे रखवालदार, लस टोचणाऱ्या परिचारिका. सभागृहाच्या निमंत्रितांत ही नावे क्वचितच असतात. घरच्या केकचा एकेक तुकडा डब्यात घालून बाळाला कडेवर घेऊन त्यांच्याकडे जाण्यास अर्धा दिवस पुरतो आणि खर्च काहीच येत नाही.

बाळाला या दिवसाची आठवण राहणार नाही. आठवण राहणार आहे ती घराला. दोनशे माणसांची व्यवस्था लावताना कोण कोणावर चिडले, ही आठवण असावी, की आजोबांनी निवडलेल्या खजुरात एक बी राहिली आणि ती आजीच्या दाताखाली आली, ही असावी, एवढेच त्या घराला ठरवायचे आहे. निवड अवघड नाही. दोन वाट्या कणीक, दोन केळी, मूठभर खजूर आणि एक मोकळी दुपार प्रत्येक घरात निघू शकते.